शोकेसमधला सुळा

पत्राचा सारांश: वय ५१, राहणार सिंहगड रस्ता, पुणे. चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी. पंचवीस वर्षांपासून दगड गोळा करण्याचा छंद. वाघोलीच्या खाणींतले झिओलाइट या स्फटिकासारख्या खनिजाचे नमुने घरी आहेत आणि प्रत्येकाची वहीत नोंद आहे. लहानपणापासून तलवारीसारख्या सुळ्यांच्या ‘सेबरटूथ’ या नामशेष शिकारी प्राण्याचं वेड. दोन वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या एका विक्रेत्याकडून स्मायलोडॉन या सेबरटूथचा १७ सेंटिमीटरचा सुळा, ‘ब्राझीलचा, अस्सल’ म्हणून, १ लाख ४० हजारांना घेतला. त्यासाठी मुलीच्या एमएस्सीची एफडी मोडली. पत्नीला सांगितलं की ही ११०० रुपयांची प्रतिकृती आहे. आता तोच विक्रेता हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत सापडलेला मेगान्टेरिऑन या दुसऱ्या सेबरटूथचा जबडा साडेतीन लाखांना देऊ करतो आहे. दिवाळीपर्यंत मुदत, पतपेढीचं कर्ज काढावं लागेल. ग्रुपमधल्या एकानं पहिल्या सुळ्याबद्दलच शंका काढली आहे. जबडा घ्यावा का? पत्नीला सांगावं, की सुळा गुपचूप विकून एफडी पुन्हा करून टाकावी?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा जबड्याच्या किमतीवर नजर अडली, दुसऱ्यांदा मुलीच्या एफडीवर. तिसऱ्यांदा एका वाक्यापाशी थांबले. तुम्ही लिहिलंय, "सौ. शोकेस पुसताना तो सुळा ओल्या फडक्यानं पुसते, माझा जीव खालीवर होतो, पण बोलता येत नाही." दोन वर्षं, बहुधा दर आठवड्याला, तुम्ही हे सोसताय. जबड्याचं आपण बोलूच, पण मला आधी या ओल्या फडक्याचं बोलायचं आहे.

त्याआधी एक प्रश्न, जो तुम्ही विचारलेला नाही. सुळा दोन वर्षं घरात आहे. तुमच्याकडे दहापट दाखवणारं भिंग आहे, बारीक मापं घेणारं व्हर्निअर आहे, आणि मायक्रॉनमधला फरक पकडण्याची सवय आहे. मग तुम्ही तो तपासला का नाही? कारखान्यात पुरवठादाराचा माल अहवालाशिवाय आला तर तुम्ही त्याला लाल कार्ड लावून बाजूला ठेवाल. वाघोलीच्या प्रत्येक दगडाला तुम्ही खाणीचं नाव, तारीख आणि सोबत कोण होतं इतकं सगळं लिहून ठेवलंत. मग वहीत या सुळ्याचं पान का नाही? तुम्हीच पत्रात लिहिलंय, "त्याची नोंद करायची राहिली." तुमच्यासारख्या माणसाची नोंद राहत नाही. मला वाटतं ती तुम्ही टाळलीत, कारण ‘ठिकाण’ या रकान्यात काय लिहायचं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

तपासायची भीती मी समजू शकते. खोटा निघाला तर पैसे गेले, आणि आपल्या नजरेवरचा आपला विश्वासही गेला. पण या भीतीच्या मागे एक गृहीतक आहे, ते मात्र मला पटत नाही. तुम्ही धरून चाललाय की सुळा खरा निघाला तर सगळं निभावून जाईल. पत्नीला सांगता येईल, "बघ, अस्सल आहे, किंमत वाढतेच आहे."

विक्रेता तो ब्राझीलचा म्हणतो. स्मायलोडॉनचं नावच ब्राझीलमधलं आहे. पीटर विल्हेल्म लुंड या डॅनिश अभ्यासकानं लागोआ सांताच्या गुहांतल्या हाडांवरून १८४२ मध्ये ते ठेवलं. पण त्याच ब्राझीलनं १९४२ पासून कायद्यानं जीवाश्मांचे साठे राष्ट्राची मालमत्ता ठरवले आहेत. तिथून जीवाश्म खासगी विक्रीसाठी असाच उचलून आणता येत नाही. उबिराजारा नावाच्या डायनोसॉरचा जीवाश्म जर्मनीतल्या संग्रहालयात होता, तोसुद्धा २०२३ मध्ये ब्राझीलला परत द्यावा लागला. म्हणजे तुमचा सुळा खोटा असेल तर तुम्ही फसलात, आणि खरा असून विक्रेताही खरं बोलत असेल तर कुण्या देशाची चोरीला गेलेली वस्तू तुमच्या टीव्हीशेजारी आहे. तिसरी शक्यता अशी की सुळा खरा आहे, पण ब्राझीलचा नाही. मग विक्रेत्याच्या बाकीच्या शब्दांवर तरी विश्वास का ठेवायचा? यातल्या कुठल्याही वाटेनं गेलात तरी ‘अस्सल आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

आता जबडा. घेऊ नका. एवढं स्पष्ट मी या सदरात क्वचितच लिहिते, पण इथे दुसरी बाजू मला दिसत नाही. पहिल्या वस्तूची शंका फिटलेली नसताना त्याच माणसाकडून अडीचपट किमतीची दुसरी वस्तू, तीही कर्ज काढून, तीही दिवाळीच्या मुदतीत. लाखो वर्षं मातीत पडून असलेल्या हाडाला दिवाळीची घाई कशाला असेल? घाई विक्रेत्याला आहे. शिवाय शिवालिकचा माल म्हणजे आपल्याच देशाचा माल. राखीव वनातून दगडसुद्धा परवानगीशिवाय उचलता येत नाही. १९२७ च्या वन कायद्यात खडक आणि खनिजं वनोपजात धरली आहेत. हिमाचलमधल्या सुकेतीचं जीवाश्म उद्यान तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलेलं आहे. भूवारसा जपण्यासाठी वेगळ्या कायद्याचा मसुदाही केंद्रीय खाण मंत्रालयानं २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. विक्रेत्याला एकच विचारा: हा जबडा कुठल्या गावच्या, कुणाच्या जमिनीतून, कधी निघाला आणि त्याचा कागद कुठे आहे? तुमच्या पत्रावरून वाटतं, हे विचारण्याचं धाडस तुम्हाला अजून झालेलं नाही.

शिवालिकवरून एक गोष्ट सांगते, कारण ती तुमच्याच जातकुळीच्या माणसांची आहे. तिथली हाडं १८३० च्या दशकात ज्यांनी जगापुढे आणली त्यातला एक, ह्यू फाल्कनर, पेशानं डॉक्टर होता आणि दुसरा, प्रोबी कॉटली, कालवे बांधणारा इंजिनिअर. नोकरी सांभाळून दगड फोडणारी माणसं. १८३७ मध्ये दोघांना मिळून लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीचं वोलास्टन पदक मिळालं. त्यांचा संग्रह समुद्रापार ब्रिटिश म्युझियममध्ये गेला याचं मला वाईट वाटतं, पण त्या हाडांवर आजही अभ्यास होतो तो ती शिवालिकची आहेत हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून. तुमच्या वाघोलीच्या वहीची किंमतही तीच आहे. ती वही उद्या एखाद्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल, विशेषतः जिथे खाणी बुजून इमारती उभ्या राहिल्यात तिथे. शोकेसमधल्या सुळ्याकडून त्याला काय मिळेल?

तुमचं या प्राण्यावरचं प्रेम खरं आहे, याबद्दल मला जराही शंका नाही. सहावीत असताना वाचनालयातल्या एका मासिकात त्याचं चित्र पाहिलं आणि ते पान वहीत उतरवून काढलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या मुलाला जे हवं होतं ते सुळा विकत घेऊन मिळालं का, हे स्वतःला विचारा. सेबरटूथबद्दल आपल्याला जे सगळ्यात जिवंत काही कळलंय, ते बाजारात मोल नसलेल्या हाडांतून कळलंय. लॉस एंजेलिसच्या ला ब्रेआ इथल्या डांबराच्या खड्ड्यांतून दोन हजारांहून अधिक स्मायलोडॉन निघाले. डांबरात रुतलेल्या प्राण्याला खायला शिकारी येत आणि तेही रुतत, म्हणून तिथे शाकाहारी प्राण्यांपेक्षा मांसाहारीच जास्त सापडतात. त्यातलं एक वेडंवाकडं झालेलं खुब्याचं हाड शतकभर कपाटात होतं. जुनी समजूत अशी की जखम चिघळून ते तसं झालं असावं. मग त्याचा सीटी स्कॅन केला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तो खुबा जन्मापासूनच सदोष होता. म्हणजे हा प्राणी पिल्लू असल्यापासून लंगडत होता, तरी तो पूर्ण वाढीपर्यंत जगला. धड पळता न येणाऱ्या शिकाऱ्याचं पोट कसं भरलं? अभ्यासकांचा अंदाज असा की हे प्राणी कळपानं राहत असावेत आणि त्याला इतरांच्या शिकारीतला वाटा मिळत असावा. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले होते.

ते हाड ग्रुपवर विकायला आलं असतं तर तुम्ही घेतलं असतंत का?

अजून एक, तुमच्या व्हर्निअरसाठी. स्मायलोडॉनचा कायमचा सुळा महिन्याला साधारण ६ मिलिमीटर वाढायचा आणि पूर्ण बाहेर यायला प्राणी सुमारे तीन वर्षांचा व्हावा लागे. आणि सायबेरियातल्या याकुतियात, बद्यारिखा नदीकाठच्या गोठलेल्या जमिनीत, होमोथेरिअम या आणखी एका सेबरटूथचं तीनेक आठवड्यांचं पिल्लू २०२० मध्ये सापडलं, केसांसकट. वय ३५ हजार वर्षांहून जास्त. त्याचा सविस्तर अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. इंटरनेटवर त्याच्या पंजाचे फोटो आहेत, मुलीसोबत बसून बघा.

आता पत्नीला सांगण्याचं. तुम्ही म्हणता, "तिला यातलं काही कळत नाही, ती फक्त पैसे बघेल." पण त्याच पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही सांगता की झिओलाइटच्या डब्यांना मखमलीचं अस्तर तिनंच शिवून दिलं, चव्वेचाळीस डब्यांना. चव्वेचाळीस अस्तरं शिवणाऱ्या बाईला तुमच्या छंदातलं काही कळत नाही, असं मी मानणार नाही. तिला सुळ्याची जात ओळखता येत नसेल, पण तुमच्या लेखी दगडाचं मोल काय हे तिला पुरतं ठाऊक आहे. आणि तिच्या रागाची तुम्ही धास्ती घेतलीय तो राग पैशांचा असेल असं गृहीत धरू नका. ‘११०० रुपये’ हा शब्द तिला जास्त लागेल.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी तिला सांगा, सुळा नंतर तपासा. तपासणीनंतर सांगितलंत तर तुमची कबुली निकालावर बेतलेली असेल. खरा निघाला तर ती फुशारकी होईल आणि खोटा निघाला तर रडगाणं. निकाल माहीत नसताना सांगितलंत तर ते फक्त खरं बोलणं असेल. बोलताना सुरुवात भूशास्त्रानं करू नका, लुंड आणि लागोआ सांता राहू द्या. "मी तुझ्याशी खोटं बोललो" हे पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात रक्कम, तिसऱ्यात ती कुठून घेतली ते. मग गप्प राहा आणि ती काय म्हणते ते ऐका. मुलीलाही सांगावं लागेल, कारण पैसे तिच्या नावानं बाजूला ठेवलेले होते. एफडी कशी भरून काढणार याचा हिशेब कागदावर मांडून न्या: दरमहा किती, किती महिने. पतपेढीचं कर्ज काढायची तयारी होतीच ना, तोच हप्ता एफडीत जाऊ द्या.

गुपचूप विकण्याचा मार्ग सुचतोय, पण तो बंद करा. शंका असलेली वस्तू ती शंका लपवून दुसऱ्याला विकली की फसवला गेलेला माणूस स्वतः फसवणारा होतो. चाकणमध्ये रिजेक्ट केलेला तुकडा दुसऱ्या खोक्यात सरकवून तुम्ही कधी पाठवला नसेल.

तपासणी कशी करायची ते बरंचसं तुम्हीच करू शकता. तापलेली सुई टोचा, अ‍ॅसिडचा थेंब टाका, असले सल्ले ग्रुपवर मिळतील. ते करू नका, खरी वस्तू असेल तर कायमची खराब होईल. भिंगाखाली सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रं दिसली तर ते ओतीव रेझिनमधले हवेचे बुडबुडे असू शकतात. साच्याची शिवण कडेनं कुठे जाते का बघा. खऱ्या सुळ्यावर इनॅमल जिथे संपतं आणि मूळ सुरू होतं ती हद्द पोत बदलून दिसते, रंगवलेली वाटत नाही. स्मायलोडॉनचा सुळा आजच्या वाघासारखा गोलसर नसतो. तो पात्यासारखा चपटा असतो आणि कडेला अतिशय बारीक दाते असतात. अंधारात अतिनील टॉर्च धरलात तर डिंक आणि भरलेल्या जागा बऱ्याचदा वेगळ्या चमकतात. पुष्कळ ‘अस्सल’ दात अर्धे खरे आणि अर्धे पुट्टीचे असतात. वजन, लांबी, रुंदी, जाडी लिहा. पट्टी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग ते फोटो घेऊन जाणकाराकडे जा. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास कित्येक दशकं चालतो, आणि पुण्यात भूशास्त्राचे विभागही आहेत. आधी ईमेलनं विचारा आणि किंमत विचारू नका. अभ्यासक बाजारभाव सांगत नाहीत, विक्रीसाठी दाखलाही देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना जरूर विचारा: हा आजच्या एखाद्या प्राण्याचा दात किंवा कोरलेलं हस्तिदंत तर नाही ना? जुना म्हणून वाघाचा, बिबट्याचा दात गळ्यात मारणारे आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. तसा नुसता संशय जरी आला तरी वस्तू इकडेतिकडे हलवू नका, आधी वकिलाला विचारा आणि मग वनखात्याकडे जा.

खोटा निघाला तर विक्रेत्याशी झालेलं सगळं बोलणं, बँकेच्या नोंदी, कुरिअरची पावती जपून ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा. दोन वर्षं उलटली आहेत, त्यामुळे पैसे परत मिळतील असं मी म्हणत नाही. पण तुमच्या तक्रारीमुळे दिवाळीआधी दुसऱ्या कुणाचे साडेतीन लाख वाचू शकतात.

अशाच छंदाची इतर पत्रंही माझ्याकडे येतात, बरीचशी पालकांची. मुलाला डायनोसॉरचं किंवा सेबरटूथचं काही ‘खरं’ हवं असतं. त्यांना मी चांगली प्रतिकृती सुचवते. पाठीमागे स्पष्ट अक्षरात ‘प्रतिकृती’ लिहिलेली, आणि मूळ हाड कुठल्या संग्रहालयात आहे याची चिठ्ठी लावलेली. परदेशी संग्रहालयं कितीतरी हाडांचे त्रिमितीय स्कॅन इंटरनेटवर बघायला देतात. कवटी फिरवून जबड्यात डोकावता येतं. मोठ्यांना खरा जीवाश्म कायद्यानं घ्यायचाच असेल तर तो कुठल्या देशातल्या कुणाच्या जमिनीवरचा हे आधी विचारा. अमेरिकेत खासगी जमिनीवर सापडलेला जीवाश्म मालकाला विकता येतो. पण संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरचं पृष्ठवंशी प्राण्याचं हाड परवान्याशिवाय उचलता येत नाही, याचा वेगळा कायदा २००९ मध्ये झाला. दक्षिण डाकोटा, नेब्रास्काच्या खासगी कुरणांतून होप्लोफोनिअससारखे सुळेवाले प्राणी निघतात. दिसायला सेबरटूथ, पण ते मांजर कुळातले नव्हेत, विक्रेता काहीही म्हणो. मागवताना कस्टमच्या कागदावर ‘भेटवस्तू’ किंवा ‘शोपीस’ लिहायला तो सांगू लागला तर व्यवहार तिथेच सोडा.

आणि पुणेकरांनो, आपल्या पायाखाली सेबरटूथ शोधू नका. हा सगळा लाव्हाचा काळा पाषाण, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मांजरांचं कूळ पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीचा. मात्र घोड, प्रवरा, गोदावरी यांच्या जुन्या गाळात रानबैलांची आणि हत्तींची हाडं सापडतात. कधी असं काही दिसलं तर उपटू नका. जागेवरच फोटो घ्या, ठिकाणाची नोंद करा आणि जाणकारांना कळवा.

तुमच्या देवघरात शाळिग्राम आहे का? आमच्याकडे आहे. गंडकी नदीतला, आणि आत वळसेदार शंखाची खूण असलेला म्हणजे बहुधा अमोनाइट या नामशेष समुद्री प्राण्याचाच जीवाश्म. माझ्या पणजोबांनी तो मुक्तिनाथहून पायी आणला, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. त्याची किंमत कुणी कधी काढली नाही, आणि तो कुठून आला हे कुणी विसरलंही नाही.

आज एवढं करा. सुळा शोकेसमधून काढून जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि कोरड्या डब्यात ठेवा. वहीत त्याचं पान उघडा. कुणाकडून, कुठल्या तारखेला, किती रुपयांना, विक्रेता काय म्हणाला, सगळं लिहा. ‘ठिकाण’ या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहा. ते पान पत्नीच्या समोर बसून लिहिलंत तर बोलायला सुरुवात करणं सोपं जाईल. बोलणं झालं की मला कळवा. सुळ्याचा निकाल नंतर कळवला तरी चालेल.